पडशीपासून पेटीपर्यंत

प्रवासाचा इतिहास लिहिणारे वाटेबद्दल पुष्कळ लिहितात, वाहनाबद्दल त्याहून अधिक लिहितात आणि ओझ्याबद्दल सहसा काहीच लिहीत नाहीत. कोण कुठून निघाला, कोणत्या घाटाने उतरला, कोणत्या नदीवर अडकून पडला, हे आपल्याला कळते. पण त्याने आपली दुसरी पैरण कशात ठेवली होती, मीठमिरची कशात बांधली होती, आणि रात्री ते गाठोडे उशाला घेऊन तो झोपला की निर्धास्तपणे कोपऱ्यात टाकून झोपला, हे कळत नाही. मला ह्या दुसऱ्या प्रकारच्या गोष्टींचे कुतूहल अधिक. माणूस कुठे गेला ह्यावरून त्याचे धाडस समजते. त्याने बरोबर काय घेतले आणि ते कशात घेतले, ह्यावरून त्याची भीती समजते.

हा लेख अशाच एका साध्या वस्तूबद्दल आहे. १९७४ मध्ये लडाख पर्यटकांना खुला झाला आणि पुढे हळूहळू आपल्या तरुणांना त्या वाटेचे वेड लागले. जून-जुलै आला, की पुण्यामुंबईची, नाशिक-कोल्हापूरची मुले मोटारसायकलीवर बसून लेहचा रस्ता धरतात. २०१६ साली रॉयल एन्फिल्डने ‘हिमालयन’ नावाची गाडीच ह्या हौसेसाठी बाजारात आणली. ह्या गाड्यांच्या मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना एकेक चंदेरी, चौकोनी पेटी लावलेली असते. वर कुलूप, कडेने रबराची पट्टी, कोपऱ्यांना काळ्या टोप्या. पाहणाऱ्याला वाटते, हा माणूस बँकेची रोकड घेऊन निघाला आहे. आत बहुधा दोन विजारी, एक कानटोपी, पंक्चर काढायचे सामान आणि आईने दिलेला चिवडा असतो. एवढ्याशा सामानाला ही तिजोरी कशाला, हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर शोधायचे, तर बरेच मागे जावे लागते.

जनावराच्या पाठीवर ओझे लादण्याचा एकच कायदा आहे, आणि तो माणसाने लिहायला शिकण्यापूर्वीच शोधलेला असावा: जितके उजवीकडे, तितकेच डावीकडे. आपली पडशी ह्याच कायद्याने शिवलेली. खांद्यावर टाकली, की एक खण छातीवर, एक पाठीवर. घोडेस्वाराची खुर्जी तशीच, फक्त ती खोगिरावर टाकायची. लमाणांच्या बैलावरची गोण तशीच. रेल्वे येण्यापूर्वीची कित्येक शतके दख्खनचे धान्य लमाणांच्या तांड्यांनी वाहिले. लढाया करणाऱ्या सर्व पक्षांना त्यांची गरज असे. १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली मराठ्यांवर चालून आला, तेव्हा त्याच्या फौजेच्या पोटाची काळजीही ह्याच तांड्यांवर होती. शेकडो मैल चालणाऱ्या त्या बैलांची पाठ शाबूत राहायची, तर दोन्ही बाजूंचा भार सारखा हवा. एका अंगाला चार शेर जास्त झाले, तर संध्याकाळी खोगिराखाली जखम दिसे.

शब्दांचा प्रवासही गमतीचा असतो. आपली गोणी इंग्रजांनी उचलली आणि तिची ‘गनी’ केली. उलट मोटारसायकलीच्या ह्या पेट्यांना जो ‘पॅनियर’ शब्द आज आपली मुले वापरतात, तो मूळचा लॅटिन. ‘पानिस’ म्हणजे भाकरी, आणि ती ठेवायची टोपली ‘पानारियुम’. त्याच ‘पानिस’चा पोर्तुगीजांनी ‘पाव’ केला आणि गोव्यात उतरवून आपल्या हाती दिला. तेव्हा लडाखला निघालेला आपला तरुण पॅनियरमध्ये पाव भरून नेतो, तेव्हा त्याला ठाऊक नसले, तरी एकाच शब्दाची दोन नातवंडे तो एका ठिकाणी आणत असतो.

मोटारसायकलीवरचे पहिले लांबचे प्रवास ह्या जुन्या, मऊ सामानानिशीच झाले. कार्ल स्टर्न्स क्लॅन्सी नावाचा अमेरिकन १९१२ मध्ये चार नळकांड्यांची हेंडरसन घेऊन जगाच्या फेरीला निघाला आणि युरोप, आफ्रिकेची उत्तर किनारपट्टी, सिलोन, जपान असे करत १९१३ मध्ये परतला. त्याने सुमारे १८,००० मैल कापले. तेव्हा रस्तेच नव्हते, मग रस्त्यावरच्या सोयी कुठल्या! १९२३ च्या १५ ऑक्टोबरला मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे ती फेरी पुरी करून १९२८ मध्ये परत आले. पायांच्या बळावर ७१,००० किलोमीटर चालवायचे म्हटल्यावर पत्र्याची पेटी कोण लावून घेणार? ज्याला स्वतःच्या घामाने ओझे ओढायचे असते, तो प्रत्येक सदऱ्याचा हिशेब करतो.

इंजिन आले आणि हा हिशेब सुटला. पेट्रोलला पाठ दुखत नाही. रॉबर्ट एडिसन फुल्टन हा तरुण अमेरिकन १९३२ मध्ये लंडनहून डग्लस मोटारसायकलीवर निघाला. आपण मोटारसायकलीने पृथ्वीप्रदक्षिणा करून घरी जाणार, असे तो एका मेजवानीत बोलून गेला होता. आणि डग्लस कारखान्याचा माणूस नेमका त्याच मेजावर बसलेला होता. शब्द मागे घेता येईना. फुल्टन तुर्कस्तान, इराक करत हिंदुस्थानात आला आणि पुढे चीन-जपानपर्यंत गेला. त्याच्या सामानात चित्रफीत घेण्याचा कॅमेरा होता, आणि वाटेत त्याने सुमारे ४०,००० फूट फीत चित्रित केली. प्रवासावरचे त्याचे पुस्तक १९३७ मध्ये निघाले. त्याच्या नावाचा अर्थ होतो ‘एका माणसाचा तांडा’. हे नाव मला फार अर्थपूर्ण वाटते. लमाणाच्या तांड्यात शंभर बैल, दहा कुटुंबे, चार कुत्री आणि एक नायक असे. रात्री राखण करायला कोणी तरी जागे असे. फुल्टनच्या तांड्यात माणूसही तोच, बैलही तोच आणि राखणदारही तोच. कुलूपबंद पेटीची गरज नेमकी इथे उत्पन्न झाली. तांड्याला पेटी लागत नाही, एकट्याला लागते.

तरीही ती यायला वेळ लागला. दुसऱ्या महायुद्धात लक्षावधी मोटारसायकली धावल्या आणि त्यांवर बहुधा किंतानाच्या नाही तर कातड्याच्या पिशव्या होत्या. अमेरिकन सैन्याच्या हार्ले गाडीला मागे कातडी खुर्ज्या आणि पुढच्या काट्यापाशी काडतुसांची लोखंडी पेटी असे. सैनिकाने आपले कपडे कातड्यात ठेवावेत आणि काडतुसे लोखंडात, ही वाटणीच बोलकी आहे. युद्ध संपल्यावर त्या पेट्या भंगारात आल्या. झाकणाला रबर, पाणी आत जात नाही, उंचावरून पडल्या तरी फुटत नाहीत आणि किंमत नगण्य. अमेरिकेतल्या पुष्कळ हौशी स्वारांनी पुढे लष्करी दारूगोळ्याच्या पेट्याच गाडीला लावल्या, आणि आजही लावतात. मृत्यू वाहून नेण्यासाठी केलेल्या डब्यात आता चहाची पूड आणि मोजे जाऊ लागले. इतिहासात असे सुखद अधःपतन क्वचित होते.

युद्धानंतर काचतंतूचा, म्हणजे फायबरग्लासचा, जमाना आला. हलका, न गंजणारा, हव्या त्या आकारात ओतता येणारा पदार्थ. इंग्लंडात क्रेव्हन नावाच्या कारखान्याने ह्या पदार्थाच्या पेट्या मोटारसायकलींसाठी केल्या. टेड सायमन हा पत्रकार १९७३ च्या ६ ऑक्टोबरला ट्रायम्फ गाडीवर लंडनहून निघाला, तेव्हा त्याच्या मागे अशाच पेट्या होत्या. नेमका त्याच दिवशी इजिप्त आणि इस्राएल ह्यांच्यात युद्ध पेटले, आणि त्याची वाट इजिप्तमधूनच जाणार होती. तरी तो गेला. चार वर्षे, पंचेचाळीस देश, सुमारे एक लाख किलोमीटर. भारतातही तो हिंडला आणि इथे भेटलेल्या एका भविष्य सांगणाऱ्याने त्याला ‘तू गुरू आहेस’ असे सांगितले; गुरू म्हणजे ग्रह. १९७९ साली आलेल्या त्याच्या पुस्तकाच्या नावात तो गुरू आहे. त्या पुस्तकात एक विचार पुन्हा पुन्हा येतो: प्रवासात जे अडथळे आले, तोच खरा प्रवास होता. गाडी बंद पडली म्हणून कोणाच्या तरी दारात बसावे लागले, आणि त्या दारात त्याला तो देश भेटला. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून वाचकांनी ती ध्यानात ठेवावी.

आता मी ज्या पेट्यांसाठी हा लेख लिहायला घेतला, त्यांच्याकडे येतो. त्या कोणत्याही कारखान्यात झालेल्या नाहीत. एल्स्पेथ बिअर्ड ही लंडनची वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी. पबमध्ये काम करून तिने पैसे साठवले आणि १९८२ मध्ये, तेविसाव्या वर्षी, १९७४ सालची जुनी बीएमडब्ल्यू गाडी घेऊन ती एकटीच जगाच्या फेरीला निघाली. अमेरिका, न्यूझीलंड असे करत ती सिडनीला पोहोचली, तोवर हातातले पैसे सरले. तिथे एका वास्तुविशारदाच्या कचेरीत तिने सात महिने नोकरी केली. राहायला खोली नव्हती. एका गॅरेजात ती झोपत असे. आणि त्याच गॅरेजात तिने ॲल्युमिनियमचा पत्रा आणून स्वतःच्या हातांनी दोन बाजूंच्या दोन आणि मागची एक अशा कुलूप लागणाऱ्या पेट्या तयार केल्या.

तिला त्या का कराव्याशा वाटल्या असतील, हे सांगायला कादंबरीकाराची गरज नाही. अमेरिकेतले रस्ते मागे पडले होते. पुढे ऑस्ट्रेलियाचे वाळवंट, मग आग्नेय आशिया, मग भारत, पाकिस्तान, इराण. एकटी बाई. गाडीपासून दहा पावले दूर जाऊन पाव आणायचा, तरी सारा संसार उघड्यावर. मऊ पिशवीला चाकूचा एक फटका पुरे. जो देश माहीत नाही, तिथल्या माणसांवर विश्वास टाकायला वेळ लागतो, आणि तो वेळ मिळेपर्यंत मध्ये काहीतरी आडोसा लागतो. दीड-दोन मिलिमीटर जाडीचा पत्रा हा तो आडोसा.

पेट्या झाल्या आणि ती निघाली. क्वीन्सलंडमध्ये टाउन्सव्हिलजवळ कच्च्या रस्त्यावर मोठा अपघात झाला. दोन आठवडे इस्पितळात गेले. बरी झाल्यावर ती वाळवंट ओलांडून पर्थला गेली आणि बोटीने सिंगापूरला उतरली. आणि तिथे, जगातल्या अत्यंत शिस्तीच्या शहरात, तिच्या साऱ्या मौल्यवान वस्तू चोरीला गेल्या. पासपोर्ट, पुढच्या देशांचे परवाने, गाडीची कागदपत्रे, सगळेच. नवी कागदपत्रे मिळवायला सहा आठवडे गेले. पुढे थायलंडमध्ये एक कुत्रा आडवा आला आणि ती पुन्हा पडली. त्या वेळी ज्या कुटुंबाने तिला उचलले, ते गरीब होते. त्यांनी तिला घरात ठेवून घेतले आणि बरी होईपर्यंत जेवू घातले. नंतर ती पेनांगहून बोटीने मद्रासला आली, काठमांडूपर्यंत गेली, १९८४ च्या पेटलेल्या पंजाबातून वाट काढून पाकिस्तानात उतरली आणि इराण, तुर्कस्तानमार्गे घरी पोहोचली. सुमारे ३५,००० मैल झाले होते. मोटारसायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली इंग्रज स्त्री म्हणून तिचे नाव आज घेतात. परतली तेव्हा मात्र फारसे कोणी विचारले नाही. तिचे पुस्तक यायला २०१७ साल उजाडले. मधल्या काळात तिने सरे परगण्यातल्या पाण्याच्या टाकीच्या एका जुन्या बुरुजाचे राहते घर केले. पेटी काय आणि घर काय, बाहेरच्या हवेपासून आपले सामान राखण्याचीच ती विद्या.

तिने ॲल्युमिनियमच का निवडले? हा धातू एके काळी राजांचा होता. १८५४ मध्ये देव्हिल ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने तो थोडाफार मिळवण्याची रीत बसवली, तेव्हा त्याचे मोल चांदीच्या पंक्तीला होते. १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभावर सुमारे तीन किलो वजनाचे जे टोक बसवले, ते ॲल्युमिनियमचे. दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू ह्या दोन तरुणांनी विजेच्या साहाय्याने तो स्वस्तात काढण्याची युक्ती शोधली, आणि राजा रस्त्यावर आला. आपल्याकडे आल्फ्रेड चॅटर्टन ह्यांनी १८९८ च्या सुमारास मद्रासच्या कलाशाळेत त्याची भांडी घडवण्याचा उद्योग सुरू केला. पितळ-तांब्याच्या राज्यात हे पांढरे पातेले प्रथम उपरे वाटले, मग घरोघर शिरले. पोलादाच्या तुलनेत त्याचे वजन जेमतेम एकतृतीयांश. गंज लागत नाही. आणि मोटारसायकलवाल्याच्या दृष्टीने सर्वांत मोठा गुण हा, की ते वाकते, पण सहसा फुटत नाही. दरीच्या कडेला गाडी पडून पेटी चेपली, तर दगडाने ठोकून झाकण पुन्हा बसवता येते. काचतंतूची पेटी तडकली, तर तडकलीच.

बाईने गॅरेजात जे केले, ते कारखान्यांनी पुढे यंत्रावर केले. जर्मनीत क्राउझर ह्यांनी १९७० च्या दशकात हाताने चटकन काढता-घालता येणाऱ्या पेट्या रूढ केल्या. इटलीत ज्युसेप्पे व्हिसेंत्सी ह्या शर्यतीतल्या स्वाराने १९७८ मध्ये ‘जीवी’ हा कारखाना काढला. त्याच्या प्लॅस्टिकच्या पेट्या आज आपल्या शहरांतही दिसतात. १९८० मध्ये बीएमडब्ल्यूने ‘आर ८० जी/एस’ ही गाडी आणली. त्या दोन अक्षरांचा अर्थ आडरान आणि रस्ता. दोन्हींवर चालणारी मोठी गाडी ही कल्पनाच तेव्हा नवी होती. १९९० मध्ये ब्लॅक फॉरेस्टच्या मुलखात ‘टूराटेक’ उभी राहिली आणि ॲल्युमिनियमची पेटी हा एक धंदाच झाला. मग २००४ मध्ये यूअन मॅग्रेगर आणि चार्ली बूर्मन हे दोन नट लंडनहून पूर्वेकडे निघून सैबेरियामार्गे न्यूयॉर्कला गेले. सुमारे ३०,००० किलोमीटर. त्यांच्या प्रवासाची चित्रमालिका जगभर पाहिली गेली आणि चंदेरी पेटी ही धाडसाची खूण ठरली. त्याच मालिकेत मंगोलियाच्या चिखलात त्या अवजड, लादलेल्या गाड्या किती वेळा आडव्या झाल्या, हेही सर्वांनी पाहिले. त्यांच्या चित्रकाराची गाडी मोडली, तेव्हा त्याने तिथल्याच बाजारातून एक तांबडी रशियन मोटारसायकल विकत घेतली आणि तो तिच्यावर पुढे गेला. पण लोकांना लक्षात राहिली ती पेटी.

गेल्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आता तो कमावता आहे, गाडी घेतली आहे, लेहला जायचे आहे. “सर, पत्र्याच्या घेऊ, प्लॅस्टिकच्या घेऊ, की नुसत्या पिशव्या घेऊ?” त्याने विचारले. शिक्षकाला सर्व विषयांतले कळते, ही खेड्यातली समजूत अजून पुरती गेलेली नाही. त्याच्याबरोबर त्याचे वडील आले होते. ते रोज पहाटे चाळीस-चाळीस लिटरचे दोन कॅन मोटारसायकलीला अडकवून तालुक्याच्या गावी दुधाचा रतीब घालतात. जगातल्या मोठ्या पेट्यांची मापेही पस्तीस ते पंचेचाळीस लिटरच्या आसपास आहेत, हे वाचून दाखवल्यावर त्यांना हसू आले. मग आम्ही तिघांनी मिळून विचार केला, आणि त्यातले बरेचसे शहाणपण त्या दूधवाल्याचे होते.

“एका कॅनमधलं सगळं दूध आधी संपवायचं नाही, मास्तर,” ते म्हणाले. “चार घरं ह्यातलं, चार घरं त्यातलं. नाहीतर गाडी एका अंगाला ओढते.” हा लमाणांचाच कायदा. मोटारसायकलीला त्यात आणखी एक अडचण असते. धुराड्याच्या बाजूची पेटी पुष्कळदा आतून कापलेली, म्हणून लहान असते. तेव्हा लिटर मोजून भागत नाही, किलो मोजावे लागतात. अनेक कारखाने दर पेटीला दहा किलोंच्या आसपासची मर्यादा घालून देतात. जड वस्तू तळाला आणि शक्य तितक्या पुढे ठेवाव्यात. मागच्या उंच पेटीत जड सामान भरले, तर पुढचे चाक हलके होते आणि वेग वाढला, की गाडी डुलू लागते.

दुसरा हिशेब रुंदीचा. पेट्या लावल्यावर मोठी गाडी जवळजवळ एक मीटर रुंद होते. स्वार डोळ्यांनी हँडलची रुंदी मोजतो आणि मागची विसरतो. आंबेनळीच्या वळणावर समोरून एस.टी. आली, की ही विस्मृती महागात पडते. तिसरा हिशेब पेटीच्याच वजनाचा. रिकाम्या दोन पेट्या आणि त्या अडकवायची लोखंडी चौकट मिळून चौदा-पंधरा किलो सहज होतात. म्हणजे चिवड्याचा एक दाणाही न भरता एका लहान मुलाला मागे बसवल्यासारखे झाले. प्लॅस्टिकची पेटी त्या मानाने हलकी असते आणि लहान धक्का सोसून परत मूळ आकारात येते, पण खडकावर आपटली, तर तुटते आणि मग वाटेत तिला इलाज नाही. चौथी गोष्ट चौकटीची. ती लोखंडाचीच असावी. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा जो पातळ थर असतो, तो वितळायला मूळ धातूपेक्षा तिपटीहून जास्त उष्णता मागतो, म्हणून गावोगावच्या साध्या वेल्डरला ते जोडता येत नाही. लोखंडाची मोडलेली नळी मात्र तो चहा उकळेपर्यंत जोडून देतो. पाचवी गोष्ट झाकणाची. वरून उघडणारी पेटी भरलेली असली, तरी उघडता येते. कपाटासारखी बाजूने उघडणारी उघडली, की सारा संसार पायांवर येतो. आणि पत्र्याला घासून कपडे काळे पडतात, म्हणून आत कापडी पिशवी हवीच. म्हणजे पडशी सुटली नाही. ती पेटीच्या आत जाऊन बसली, इतकेच.

सर्वांत गंभीर गोष्ट पायाची. वाळूत किंवा चिखलात गाडी डळमळली, की स्वार पाय खाली टेकवतो. गाडी पुढे सरकते, पाय मागे राहतो आणि टणक पेटीची कड पोटरीवर येते. असे घोटे मोडलेले आहेत. मऊ पिशवी अशा वेळी दबते. उलट, गाडी आडवी झाली, तर टणक पेटी तिला जमिनीपासून थोडी वर धरते आणि उचलायला सोपी जाते. म्हणून डांबरी रस्ता, मुक्काम शहरात, गाडी रात्री रस्त्यावर उभी राहणार, असा प्रवास असेल तर पेटी. वाट खडकाळ, पडणे ठरलेले, तर पिशवी. गेल्या काही वर्षांत कसलेले स्वार पुन्हा जाड कापडाच्या, पाणी न शिरणाऱ्या पिशव्यांकडे वळू लागले आहेत, ते ह्यामुळेच. शंभर वर्षांनी चक्र फिरून पडशीपाशी आले.

विद्यार्थ्याने खिशातून तीन पानांची यादी काढली. त्याच्या वडिलांनी ती नीट ऐकून घेतली आणि विचारले, “तिकडं माणसं राहत नाहीत का रे?”

माझ्या मते पेटी निवडताना विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे. बरोबर घेतलेली प्रत्येक वस्तू ही कोणाकडे तरी मागावी लागू नये म्हणून घेतलेली असते. स्वतःची चूल घेतली, की कोणाच्या चुलीपाशी बसावे लागत नाही. स्वतःचा तंबू असला, की कोणाची ओसरी मागावी लागत नाही. ह्यात स्वाभिमान आहे, हे खरेच. पण पेटी अशी काठोकाठ भरत गेली, तर माणूस हजारो मैल जातो आणि कोणाच्याही घरी जात नाही. सायमनला देश भेटला, तो गाडी बंद पडली तेव्हा. एल्स्पेथने इतक्या कष्टाने पेट्या केल्या, कुलपे लावली, आणि सिंगापुरात चोरी व्हायची ती झालीच. थायलंडमध्ये तिला वाचवले ते अनोळखी माणसांनी. म्हणून तिच्या पेट्या फुकट गेल्या, असे मात्र मी म्हणणार नाही. सिडनीहून पुढचा रस्ता धरण्याचे धैर्य त्यांनी तिला दिले असेल. कुलूप चोराला थांबवते की नाही, हे नशिबावर. पण ते घराबाहेर पडायला बळ देते. एकट्या बाईला तर ते लागतेच, आणि ज्यांना ते लागत नाही त्यांनी तिला हसू नये.

शेवटी त्या मुलाने ॲल्युमिनियमच्याच पेट्या घेतल्या, पण लहान मापाच्या. यादी दीड पानावर आणली. त्याच्या वडिलांनी आणखी एक अट घातली: निघताना पेटी वरपर्यंत भरायची नाही. त्यांच्या धंद्यात कॅन काठोकाठ भरला, तर घाटात दूध सांडते. माझ्या मनात मात्र लमाण आले. ते देशावरून धान्य लादून कोकणात उतरत आणि बैल रिकामे परतवत नसत. येताना त्याच गोणींत मीठ भरून आणत. मुलगा लेहहून परतला, तेव्हा त्याच्या उजव्या पेटीत जर्दाळूंची पिशवी होती आणि डावीत कोणा अनोळखी म्हातारीने दिलेले लोकरीचे जाड मोजे. दोन्ही बाजूंचे वजन सारखे होते का, हे त्याच्या वडिलांनी सर्वांत आधी पाहिले.